दोन खेपांची तयारी

अम्मी जाऊन चाळीस दिवस झाले. चाळिसाव्याची जेवणं उरकली, माणसं पांगली. मशिदीतले खतीबसाहेब ओटीवर पान लावत बसले होते, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं, "दोन हजार तीनच्या जूनला मी रिटायर होतोय. त्यानंतरच्या हजला जाणार. हिच्या नावानं."

'हिच्या' म्हणताना त्यांनी माजघराकडे पाहिलं. अम्मीला त्यांनी कधी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. घरात ती 'अगो' होती आणि बाहेर 'अलफियाची माय'.

अलफिया म्हणजे मी. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी ताटं पुसत होते. हजचं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या बेताचा दुसरा अर्धा भाग बाबांनी आदल्या आठवड्यातच मला ऐकवला होता. "एकदा तिच्या नावानं जाऊन आलो की झालं. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, रत्नागिरी–लांजा मार्गावर. सहा वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली. तेव्हापासून अम्मी त्यांच्यासाठी नाचणीची भाकरी वेगळी भाजायची, गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. तिची स्वतःची साखर कोणी कधी तपासली नाही. तपासायचं ठरलं होतं, रिटायर झाल्यावर. तिचे डोळे दाखवायचे, दोघांनी सकाळी फिरायला जायचं, हजला जायचं, सगळं रिटायर झाल्यावर. आमच्या घरात तो शब्द एखाद्या गावाच्या नावासारखा उच्चारला जाई, जिथली गाडी अजून लागायची होती.

त्या मे महिन्यात ती शेजारणींबरोबर ओहोटीला खाडीत कालवं काढायला गेली आणि शिंपल्याची धार तिच्या टाचेला लागली. तिनं हळद भरली, वर चिंधी बांधली आणि कोणाला सांगितलं नाही. बाबांच्या ड्यूटीचा खोळंबा नको म्हणून. माझं सासर दोन आळ्या पलीकडे. नवरा दुबईला, म्हणून शाळेतलं शिकवणं आटोपलं की मी माहेरीच असे. ती लंगडताना मला दिसली होती. मी विचारलंही. "काटा गेलाय गो," ती म्हणाली आणि मी पुन्हा उत्तरपत्रिकांत मान घातली. टाच काळी पडली तेव्हा तिला इस्पितळात नेलं, आणि साखर साडेतीनशे आहे हे तिथं कळलं. जुलैत ती गेली.

त्यानंतर बाबांनी गोळ्या बंद केल्या नाहीत. ते नुसतं विसरू लागले. डबीतल्या गोळ्या मी रोज मोजत होते, म्हणून मला माहीत.

तर खतीबसाहेबांनी चुना लावता लावता हात थांबवला. "अहमदभाई, तुमचा स्वतःचा हज झालाय?"

"नाही. पण मिरजेकडचा एक ड्रायव्हर सांगत होता, चालतं म्हणून. हज्जे बदल, दुसऱ्याच्या नावाचा हज. त्याच्या चुलत्यानं तसाच केला."

"त्यांच्याकडे चालत असेल. आपण शाफई पंथाचे. आपल्यात ज्याचा स्वतःचा फर्ज राहिलाय, त्याला दुसऱ्याच्या नावानं जाता येत नाही. आधी तुमचा करा. मग पुढं कधी अल्लानं बोलावलं तर भाभींचा."

बाबा तबकातला पानाचा देठ मोडत बसले. त्यांच्या शेजारी भागोजीकाका बसले होते. बावीस वर्षं बाबांच्या गाडीचे कंडक्टर आणि गेल्याच वर्षी रिटायर झालेले. त्यांना शांतता फार वेळ सोसत नसे.

"म्हणजे दोन खेपा की हो!" ते म्हणाले. "आधी स्वतःची ड्यूटी, मग ओव्हरटाइम."

खतीबसाहेब हसले. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पहिला एकोणसाठाव्या वर्षी धरला तर... पुन्हा पैसे जमवून दुसऱ्याला पासष्टी येईल."

"येऊ दे की!"

"पासष्टीला मी चालत असेन काय रे?"

"आता तरी कुठं चालतोस?" भागोजीकाका म्हणाले. "घरापासून डेपोपर्यंत, तेही धापा टाकत."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबीत एक गोळी कमी भरली. बाबांनी ती आठवणीनं घेतली होती.

त्या आठवड्यात बाबा माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे आले. उपाशीपोटी साखर दोनशे साठ. बाईंनी चालायला सांगितलं. बाबांनी विचारलं, "किती?" आणि त्या उत्तर देण्याआधी स्वतःच सांगू लागले की सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा चालावं लागतं, तीन-साडेतीन किलोमीटर होतं, शिवाय काब्याचे सात फेरे, शिवाय गर्दी. बाईंनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. "मग पुढच्या महिन्यात तेवढंच चालून दाखवा," त्या म्हणाल्या. "आणि अनवाणी अजिबात नाही. पाय रोज बघायचे. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या."

"माझे मला दिसत नाहीत."

"मुलगी बघेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान वळवली. मुलीनं बापाच्या पायाला हात लावायचा, हे त्यांना पटणारं नव्हतं. पण त्या रात्री जेवणानंतर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पाय स्टुलावर ठेवले. मी विजेरी आणली. तळवे रुंद होते, उजवा ब्रेकच्या दाबानं जास्त निबर. तीस वर्षं आमचं घर ज्या पायांवर चाललं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

चालणं भाट्याच्या किनाऱ्यावर सुरू झालं. आमच्या राजिवडा मोहल्ल्यातून पूल ओलांडला की सुरूचं बन लागतं. तिथं वाळूत काठी रोवून बाबांनी आपली सफा ठरवली आणि झरी विनायकाच्या देवळाच्या दिशेनं पाचशे पावलांवर दुसरी काठी रोवून मरवा. फजरची, पहाटेची नमाज झाली की निघायचं. भागोजीकाका पुलाच्या तोंडाशी वाट बघत असत. त्यांचं पोट रिटायर झाल्यापासून वाढलं होतं आणि ते त्याला 'पेन्शन' म्हणत.

पहिल्या दिवशी मीही बरोबर गेले होते. तिसऱ्या फेरीला बाबा वाळूत बसले. "आज नको. पाय बोलतायत."

"बोलू देत. प्याशिंजरं बोलतातच," भागोजीकाका म्हणाले आणि बाबांच्या मागं जाऊन उभे राहिले. "टण टण!"

डबल बेल ऐकून बाबा उठले. विचार करून उठले असं नाही. बावीस वर्षं त्या आवाजावर त्यांचा पाय क्लचवरून सुटत आला होता. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मागं वळून काकांना एक अस्सल शिवी दिली. चाळिसाव्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं जिवंत वाक्य.

चालण्यापेक्षा चहा अवघड गेला. लांज्याच्या स्टँडवर ड्रायव्हरला चहा-वडा फुकट, कारण ड्रायव्हर जिथं गाडी थांबवतो तिथं पन्नास गिऱ्हाइकं उतरतात. बाबांनी तीन दिवस नको म्हटल्यावर हॉटेलवाला रावजी रुसला. "माझ्यात काय कमी पडलं, अहमदभाय? की दुसऱ्या कुणाशी सूत जमलं?" बाबांना कारण सांगायची लाज वाटत होती. साखर आहे म्हणणं म्हणजे ड्रायव्हर म्हणून आपण उणे पडलो, असं त्यांना वाटे. शेवटी एका सोमवारी त्यांनी सांगितलं. रावजी ऐकत राहिला, मग आतून स्वतःच्या गोळ्यांची पट्टी आणून त्यानं टेबलावर ठेवली. "मी पण त्याच गाडीत. घरी सांगितलं नाही अजून." त्या दिवसापासून तिथं दोन फिके चहा होऊ लागले. हे बाबांनी मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. अम्मीची साखरही अशी कोणा रावजीकडे बोलली गेली असती तर, एवढं मनात आलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

हळूहळू आकडे उतरले. दोनशे साठ, दोनशे दहा, एकशे सत्तर. ईदला शीरखुर्मा झाला तेव्हा पुन्हा चढले, मग परत उतरले. पुढच्या पावसाळ्यात वाळू वाहून गेली, काठ्याही गेल्या, तेव्हा दोघं छत्र्या घेऊन पुलावरच फेऱ्या घालत. भागोजीकाकांची पेन्शन दोन बोटं कमी झाली.

रिटायर व्हायला चार महिने राहिले असताना, एका शुक्रवारी मी शाळेतून आले तर बाबा ओटीवर नव्हते. खुर्ची रिकामी. माजघरात पाहिलं तर अम्मीच्या पलंगाच्या कडेवर बसलेले, उजवा पाय मांडीवर, आणि शेजारी चिंधीचा तुकडा. फडताळाच्या वरच्या फळीवर हळदीची बरणी असायची. माझी नजर आधी तिच्याकडे गेली. ती जागेवर होती, झाकण लावलेली.

"ये," बाबा म्हणाले. "विजेरी आण."

टाचेच्या वर, बुटाची कड घासते तिथं, फोड आला होता. फुटून लाल झालेला.

"कधीचा?"

"दुपारी लांज्याला कळलं. पाय दुखेना, पण मोजा ओला लागला." ते थांबले. "चिंधी बांधणार होतो. उद्या सकाळची पहिली गाडी माझी आहे. ड्यूटी मोडायची कशाला, म्हटलं." त्यांनी चिंधी उचलली, हातात चुरगळली. "मग म्हटलं, हेच तिनं केलं."

मी त्यांच्यापुढं खाली बसले. विजेरीचा उजेड हलत होता, म्हणून त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच पायावर धरली.

"रडू नको गो. दाखवलाय ना."

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पट्टी केली, दहा दिवस बूट बंद केले. बाबांनी डेपोत जाऊन रजेचा अर्ज स्वतः दिला. त्यांच्या अख्ख्या नोकरीतली पायासाठी घेतलेली ती पहिली रजा. भागोजीकाका रोज सकाळी येऊन ओटीवर बसायचे. "गाडी ब्रेकडाउन," ते आल्यागेल्याला सांगायचे. "पण वर्कशॉप चांगलं आहे." अकराव्या दिवशी कातडी धरली. बाराव्या दिवशी दोघं पुलावर गेले.

तीस जूनला बाबांनी शेवटची गाडी लावली. डेपोत हार घातले, नारळ दिला, पेढ्यांचा पुडा दिला. पेढे त्यांनी रावजीसाठी म्हणून वेगळे काढले, मग आठवण होऊन ते पुन्हा पुड्यात ठेवले. हजच्या अर्जाबरोबर तब्येतीचा दाखला लागत होता. डॉक्टरीणबाईंनी तो लिहिताना एकदा बाबांच्या पायांकडे पाहिलं आणि सही केली. हज कमिटीच्या सोडतीत नाव निघालं. जानेवारीत मी त्यांना मुंबईला विमानतळावर सोडून आले.

त्या दीड महिन्यात मी रोज पुलापर्यंत जाऊन यायचे. घरातली खुर्ची आणि स्टूल तसंच ठेवलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ते परत आले. डोकं तुळतुळीत, उन्हानं रापलेले, तीन किलोनं कमी. घरभर माणसं, खजूर, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी. भागोजीकाकांनी दारातच त्यांना मिठी मारली. "काय डायवर, फेऱ्या किती झाल्या?"

"सातच्या सात. मध्ये एकदा बसावंसं वाटलं. मागं तू नव्हतास."

"मग?"

"मीच मनात बेल दिली."

माणसं गेली. बाबा खुर्चीत बसले आणि पाय स्टुलावर ठेवले. मी विजेरी आणली. तळव्यांना भेगा पडल्या होत्या, एक नख काळं होतं. जखम कुठंही नव्हती. बेचक्या पाहिल्या, टाचा पाहिल्या. तेल लावलं.

"उद्या फजरनंतर जाणार," ते म्हणाले.

"बाबा, चार दिवस तरी आराम करा."

"माझी खेप झाली." त्यांनी पाय खाली घेतले, माजघराकडे पाहिलं, आणि जिभेला सवय नसलेला शब्द जुळवावा तसे थांबून म्हणाले, "आता हलीमाची. खतीबसाहेब म्हणाले, कुणासाठी निघालो ती नियत करताना नाव घ्यावं लागतं."

सकाळी पुलाच्या तोंडाशी भागोजीकाका उभे होते. बाबांनी बुटाची नाडी पुन्हा एकदा आवळली. काकांनी बेल दिली.