ताटलीत फुटलेलं तेल

ओरोन्झाच्या हाताला गुण होता, असं गावात कुणीही सांगितलं असतं. डोकं ठणकायला लागलं, तान्हं मूल दूध घेईना, कोंबडी खुडूक होऊनही अंड्यांवर बसेना, की माणसं तिच्या स्वयंपाकघराचं दार लोटून आत यायची. ओरोन्झा खोलगट ताटलीत पाणी घ्यायची, करंगळी तेलात बुडवून तीन थेंब पाण्यावर सोडायची आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची. थेंब गोल राहिले, तर काही नाही, घरी जाऊन झोप काढ. थेंब फुटून पसरले, तर दृष्ट लागलेली. मग ते पाणी अंगणाच्या कोपऱ्यात कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी फेकायचं, पुन्हा ताटली भरायची, पुन्हा थेंब, ते गोल उभे राहीपर्यंत. पैसे ती घेत नसे. अंडी घ्यायची.

ओरोन्झाला जाऊन आता आठवडा झाला होता.

तिची मुलगी दोनाता शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली होती. घरात भिंतभर पुस्तकं होती आणि ती वाचलेलीही होती. दृष्टीबिष्टीवर तिचा विश्वास नव्हता. पण नाताळच्या आदल्या रात्री आईनं तिला जवळ बसवून ते शब्द सांगितले, तेव्हा तिनं ते मुकाट्यानं पाठ केले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी शिकवलेले शब्द लागू पडत नाहीत, आणि आईचं वय झालं होतं. नाही कशाला म्हणायचं?

तसं तर एकदा तिनं या ताटलीपुढे अख्खं आयुष्य ठेवलं होतं. तेविशीत. कोसिमोशी लग्न करून उत्तरेला जायचं ठरत होतं, आणि वडिलांना, पान्तालेओंना, ते मुळीच पसंत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, तेलाला विचारा. आईनं थेंब सोडले. थेंब टेकले न टेकले तोच फुटले आणि पाण्यावर साय धरावी तसं तेल कडेपर्यंत पसरलं. पुन्हा सोडले, तेच. वडिलांनी टोपी डोक्यावर चढवली आणि ते बाहेर निघून गेले. विषय संपला. कोसिमोनं पुढे तिकडचीच मुलगी केली.

दोनातानं आईला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. तिनं मनाशी एक हिशेब घालून घेतला होता: वेडेपणा होता, पण सरळ वेडेपणा होता. आईनं काही ठरवलं नव्हतं. आईला जे दिसलं, ते तिनं मानलं. आई खोटं वागत नाही, एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर आई-लेकी त्या घरात इतकी वर्षं एका टेबलावर जेवल्या होत्या.

त्या दुपारी पिएरा आली. बेकरीवाल्यांची सून, दोनाताची जुनी विद्यार्थिनी. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, हातात अंड्यांची टोपली.

"बाई, आहात ना? डोकं नुसतं फुटतंय."

"पिएरा, डॉक्टरकडे जा बघू."

"जाऊन आले. म्हणाला, विश्रांती घ्या. पहाटे भट्टी काय तो येऊन पेटवणार आहे?"

"मला हे येत नाही गं."

"येतं. ओरोन्झाआजीनं साऱ्या गावाला सांगितलंय, दोनाताला शब्द दिलेत म्हणून. सहावीत माझे कान पिळलेत तुम्ही बाई, आता डोक्यावर हात ठेवायला काय जातंय तुमचं?"

दोनाताला हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदाच. तिनं ताटलीत पाणी घेतलं आणि फळीवरची बुधली काढली. यंदाचं नवं ऑलिव्हचं तेल, हिरवंगार, घशाला झोंबणारं. ते फक्त वरून घ्यायचं, पावावर, कोशिंबिरीवर. तिनं शब्द म्हटले आणि थेंब सोडले. थेंब मण्यांसारखे गोल, जागच्या जागी उभे राहिले.

"काहीच नाही?" पिएरा ताटलीत वाकून म्हणाली.

"काही नाही."

"पुन्हा बघा."

पुन्हा तेच. पिएराचा चेहरा उतरला.

"असं कसं होईल? आजीच्या हातून माझी दृष्ट दर वेळी निघायची. एकदा तर ताटलीभर नुसतं पसरलं होतं. आजीनं माझ्या सासूला बोलावून दाखवलं. म्हणाली, हिला आता पिठाच्या पोत्याला हात लावू द्यायचा नाही. सासू गप्प! आणि आज काहीच नाही? म्हणजे मी ढोंग करतेय?"

"मी असं म्हटलं का?"

"तुम्ही नाही, ताटली म्हणतेय." ती उठली. टेबलावरची अंडी ठेवायची की न्यायची, या विचारात क्षणभर थांबली, आणि घेऊन गेली.

ताटली तशीच टेबलावर राहिली. आईच्या तसबिरीपुढचा दिवा मंद झाला होता, म्हणून दोनातानं मोरीच्या फळीखालचा डबा ओढला. या घरात तेलांच्या जागा ठरलेल्या होत्या. नवं तेल वरच्या फळीवर. त्याखाली तळणाचं, घाण्यातल्या पेंडीतून काढून शुद्ध केलेलं, दुकानातून आणलेलं, ज्याला ना चव ना वास. आणि खाली मोरीपाशी हे दिव्याचं तेल. जमिनीवर पडून कुजत आलेल्या फळांचं, जुनं, आंबूस, खवट. ते तोंडात घालायचं नाही. दिव्याला, बिजागऱ्यांना, वडिलांच्या बुटांना आणि उन्हाळ्यात साबण करायला.

दिवा टेबलावर घेऊन भरताना डब्याच्या बाहेरून एक ओघळ आला आणि त्याचा थेंब खाली ताटलीत पडला.

तो पडला आणि नाहीसा झाला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पाण्यावर पातळ साय धावली, आणि नव्या तेलाचे गोल थेंब कडेला ढकलले गेले.

दोनाता बघत राहिली. ताटली खरकटी असेल, असं तिला आधी वाटलं. तिनं ती राखेनं घासली, दोनदा विसळली, ताजं पाणी घेतलं. फळीवरचं तेल: गोल. पाणी बदललं. डब्यातलं तेल: फुटलं. दुसरी ताटली काढली. फळीवरचं, गोल. डब्यातलं, फुटलं. तिनं शब्द म्हटले नव्हते. क्रूसाची खूण केली नव्हती. कुणाचं नाव मनात धरलं नव्हतं. पाण्याला काहीही ठाऊक नव्हतं.

आई ताटली घेऊन बसायची तेव्हा टेबलावर दोन बुधल्या असायच्या. एक माणसांची, एक देवाची, असं ती म्हणायची. कुणी कधी जास्त विचारलं नाही.

ताटली बघून आई ठरवत नव्हती. बुधली उचलतानाच तिचं ठरलेलं असे.

ती खुर्चीत बसली, आणि नुन्झियामावशी आत आली तेव्हाही तशीच बसलेली होती. नुन्झिया म्हणजे पलीकडच्या दारची, आईची जन्माची मैत्रीण. सुतकाच्या घरी चूल पेटू द्यायची नाही म्हणून आठवडाभर तीच जेवण आणत होती. आजही फडक्याखाली बाकल्याच्या दाण्यांचं घट्ट पिठलं आणि कडू पालेभाजी होती.

"कालचं भांडं तसंच? उपाशी राहून काय आईच्या मागोमाग जाणार आहेस? एका खड्ड्यात दोघी मावणार नाहीत, सांगून ठेवते. तुझी आई आडव्या अंगाची..." बोलता बोलता तिनं टेबलावरच्या ताटल्या पाहिल्या. मग डबा. मग बुधली. तिनं हातातलं भांडं सावकाश खाली ठेवलं.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"अगं, सत्तर वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून बसले. डोळे काय फक्त रडायला दिलेत?"

"म्हणजे ती लोकांना फसवत होती."

"फसवत होती! वा गं मास्तरीणबाई. ती पिएरा पोटुशी असताना सासू तिला पोती उचलायला लावायची. कुणाचं ऐकलं असतं तिनं? डॉक्टरचं? पाद्रीबुवांचं? ताटलीचं ऐकलं. आणि तो कातालदो, बायकोवर हात टाकायचा. ओरोन्झानं त्याच्यासमोर थेंब फोडले आणि सांगितलं, हिच्या अंगाला हात लावलास तर हिची दृष्ट तुझ्या हाताला चिकटेल. उन्हाळाभर हात खिशात घालून फिरला मेला. पाव तोडायचा असला तरी इकडेतिकडे बघायचा."

दुसरी कुठली वेळ असती, तर दोनाता हसली असती.

"आणि मी?" ती म्हणाली. "माझ्या वेळी कुठली बुधली उचलली तिनं?"

नुन्झियानं भांड्यावरचं फडकं काढून त्याची घडी घालायला घेतली.

"मावशी, मी तेवीस वर्षांची होते. मला सांग. मला घरात ठेवून घ्यायला तिनं दिव्याचं तेल घेतलं ना?"

"नवं घेतलं होतं."

"खोटं बोलू नकोस."

"तिच्या मातीची शपथ, नवं घेतलं होतं." नुन्झिया समोरच्या खुर्चीत बसली. "आदल्या दिवशी माझ्या दारात उभी राहून सांगून गेली होती. म्हणाली, पान्तालेओला ताटलीच हवी ना, देते त्याला ताटली. नवं तेल घेते, थेंब मण्यासारखे उभे राहतील, त्याचं तोंड बंद होईल आणि पोरगी सुटेल इथून. तुला जाऊ द्यायचं होतं तिला. तुझ्यासाठी चादरींना किनारी लावून ठेवल्या होत्या तिनं, माझ्या पेटीत. बापाला दिसू नयेत म्हणून."

"मग फुटलं कसं?"

"तेच तर. संध्याकाळी माझ्याकडे आली, पांढरीफटक. मला वाटलं पान्तालेओनं काही केलं. म्हणाली, नुन्झिया, नवं तेल फुटलं. दोनदा फुटलं. मी आयुष्यभर लोकांना खेळवलं, आणि आता ते खरंच आलं, माझ्या पोरीवर आलं. मी म्हटलं, बाई, थंडी असेल, पाणी खारं असेल. छे! त्या दिवसापासून तिनं विश्वास ठेवला. सगळ्या गावात फक्त तुझ्या बाबतीत. तुझ्या कोटांच्या अस्तरात मिठाच्या पुड्या कोण शिवायचं? तू हसायचीस. ती गंमत नव्हती गं. तू शाळेतून परत येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा."

दोनाता ऐकत होती. आईनं खोटं केलं नव्हतं. उलट आईनं तिच्या बाजूनं खोटं करायचं ठरवलं होतं, आणि ते जमलं नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण इतकी वर्षं इतिहास शिकवलेली बाई ती. कारण सापडल्याशिवाय तिचं मन पुढे सरकेना. नवं तेल फुटत नाही. आत्ताच तिनं चार वेळा पाहिलं होतं.

"कुठल्या बुधलीतलं नवं?" तिनं विचारलं. "रांजणातून काढलेलं?"

"रांजणाच्या खोलीची किल्ली तुझ्या बापाच्या कमरेला. फळीवरच्या बुधलीत होतं, तेवढंच नवं तिच्या हाती होतं."

फळीवरची बुधली.

दोनाता उठून उभी राहिली, आणि मग आपण का उठलो तेच तिला कळेना. तेलाला विचारलं त्याच दिवशी कोसिमो सकाळच्या गाडीनं उत्तरेला परत जात होता, कारखान्यात हजर व्हायला. तिकडे सगळं लोण्यात शिजवतात, असं तो हसून म्हणाला होता, आणि हसताना त्याचा चेहरा अगदी पोरका दिसला होता. भल्या पहाटे, घर झोपलेलं असताना, तिनं फळीवरच्या बुधलीतलं निम्म्याहून जास्त तेल लिंबू सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. बूच ठोकलं, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कोटाखाली धरून स्टेशनवर नेऊन दिली. तेल कमी झालेलं दिसू नये म्हणून बुधली खालच्या डब्यातून भरून ठेवली. फार तर कोशिंबीर खवट लागेल, वडील कुरकुर करतील, एवढंच तिच्या मनात आलं होतं. त्या दिवशी कुणी कोशिंबीर खाल्ली नाही. आणि पाण्यावर तेला-तेलात फरक पडतो, हे आजच्या दुपारपर्यंत तिला ठाऊक नव्हतं.

तिनं एक पेला घेतला. फळीवरचं थोडं तेल ओतलं, त्यावर डब्यातलं ओतलं, चमच्यानं ढवळलं. ताज्या पाण्यावर थेंब सोडले. थेंब क्षणभर थबकले. मग त्यांच्या कडा सुटल्या आणि ते पसरत पसरत ताटलीच्या काठाला जाऊन भिडले.

"हे काय केलंस?" नुन्झिया पुढे वाकली.

"तेव्हा केलं होतं तेच."

तिनं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. गाडी, बाटली, डबा. नुन्झिया तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत राहिली.

"एका बाटलीपायी?" ती शेवटी म्हणाली.

"त्याला तिकडे आपलं तेल मिळणार नव्हतं."

नुन्झियानं पदरासारखा एप्रन तोंडावर दाबला. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे दोनाताला कळेना, आणि बहुधा तिलाही कळत नसावं. "चोरटे," ती एप्रनच्या आतून म्हणाली, "चोरटे गं माझ्या. एवढं एक तिला सांगितलं असतंस तर."

"मला कुठे माहीत होतं मावशी?"

दोनाता बसली. पिठल्यावर साय धरत होती. सांगायला एकच वाक्य होतं: दृष्ट नव्हती आई, तेल मी नेलं होतं. ते ऐकून जिच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं, ती बाई गेल्या आठवड्यापर्यंत याच टेबलाशी बसून बाकल्याच्या शेंगा सोलत होती, आणि लेक बाहेर निघाली की दारापर्यंत येऊन, ती वळणाआड जाईपर्यंत तिच्या पाठीकडे बघत उभी राहत होती.