अठरा शून्ये

रंगाच्या कारखान्यातून मुख्य पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी कोणत्याही यंत्रापुढे कधी हात टेकले नव्हते. मांजरीच्या शौचाच्या वाळूच्या पेटीने मात्र त्यांना मेटाकुटीला आणले. पेटी साफ करण्यात त्यांची चार दिवस हयगय झाली आणि सूनबाईंनी निर्वाणीचे सांगितले, "मामंजी, रविवारपर्यंत वास गेला नाही, तर मनी माझ्या भावाकडे जाईल."

मनी दिवंगत पत्नीची लाडकी. मनी गेली, तर दुपारी त्यांच्याशी बोलायला घरात कोणीच उरणार नव्हते.

सासऱ्यांनी कंबर कसली. दिवसातून तीनदा पेटी रिकामी करायची, जंतुनाशकाने घासायची, गुलाबगंधी वाळूचा तीन इंचांचा थर द्यायचा, तो पट्टीने तपासायचा. भिंतीवर तक्ता लागला : वेळ, थर, दुर्गंध, सही. रंगविभागातल्या तीस वर्षांत त्यांच्या नाकाने केव्हाच संप पुकारला होता. पण एवढ्या स्वच्छतेनंतर दुर्गंध असेलच कसा? शनिवारपर्यंत त्या रकान्यात अठरा शून्ये भरली.

रविवारी सूनबाई नाकाला रुमाल लावूनच आल्या. मांजर न्यायची टोपली दाराशी तयार होती.

"अशक्य!" सासरे म्हणाले. "पेटी लखलखते आहे. स्वतः हुंगून बघ."

सूनबाईंनी वाकून हुंगले. "इथे तर बागच फुलली आहे! मामंजी, आठवडाभरात मांजरीचं किती काढलंत यातून?"

सासऱ्यांनी तक्ता पाहिला. त्यासाठी रकानाच नव्हता.

मग सूनबाई वासाच्या मागावर निघाल्या आणि कपाटापाशी वाकून थांबल्या. खाली, पोटच्या मुलालाही जिला हात लावायची मुभा नव्हती, ती सासऱ्यांची हत्यारांची पिशवी होती. तळाशी लाकडाचा मऊ भुसा. मनीने आठवडाभर तिथेच सोय लावली होती.

"त्या पेटीत तिला स्वतःचा वास लागेल तर ना! तुम्ही तिचं स्वच्छतागृह नव्हे, अत्तराचं दुकान थाटलंत."

"संध्याकाळपर्यंत थांब, बाई," सासरे म्हणाले. हा स्वर सुनेने प्रथमच ऐकला.

त्यांनी पिशवी बाहेर काढली, पेटीत साधी वाळू ओतली आणि, मन घट्ट करून, वर मूठभर तोच भुसा पसरला. पट्टी लावली नाही.

पाच वाजता मनी आली. हुंगले. फिरली. उकरले. बसली. दोघेही श्वास रोखून उभे.

सूनबाईंनी टोपली माळ्यावर ठेवली. "आता तेवढंच उचला हं. घासत बसू नका!"

सासऱ्यांनी तेवढेच उचलले. मग तक्त्यापाशी जाऊन दुर्गंधाच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'आहे' असे लिहिले आणि समाधानाने सही ठोकली.