फुकटचा उतार

चौकशी अधिकाऱ्याने फोटो टेबलावरून पुढे सरकवला. मास्तरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. काच आधीच स्वच्छ होती. फोटोत चेपलेल्या बसचा गियरचा दांडा दिसत होता. गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली बंद.

"एवढ्या उतारावर इंजिन बंद! तुम्ही इथले प्रशिक्षक, आणि गेलेला ड्रायव्हर तुमचा सख्खा भाचा. असं का केलं असेल त्याने?"

का म्हणजे काय! डिझेल वाचवायला. लिटरमागे ज्याची बस सगळ्यात जास्त पळते, त्याचं नाव या आगारात दर महिन्याला फलकावर सर्वात वर लागे. तळाला ज्याचं नाव, त्याची कॅन्टीनमध्ये महिनाभर टर उडे. सलग नऊ वर्षं मास्तर वर होते, म्हणून तर त्यांना प्रशिक्षक केलं. वर्गात ते पुस्तकातलं शिकवायचे: टायरची हवा तपासा, उगाच रेस करू नका. खरी विद्या मात्र उतारावर, शेजारी बसून, एकेकाला.

"फिरव किल्ली. घाबरतोस काय? उतार देवाने फुकट दिलाय, त्याला डिझेल कशाला पाजतोस?"

इंजिन बंद असलं की ब्रेकची हवा पुन्हा भरत नाही, चार-सहा वेळा पाय दाबला की संपते, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यावर तेवढी वेळ कधी आली नाही, एवढंच. भाच्यावर आली. पोर गेलं, आणि सोबत दोन प्रवासी गेले.

दाराशी उभा असलेला आगारप्रमुख खोकला. धूर आणि डिझेल कमी केल्याबद्दल गेल्या वर्षी आगाराला मानपत्र मिळालं होतं. ते त्याने गावभर मिरवलं होतं. डिझेल कसं वाचतं, हे मात्र त्याने कधी कुणाला विचारलं नाही. सकाळीच त्याने मास्तरांना बाजूला घेतलं होतं. "गेलेला गेला, मास्तर. त्याला आता काय फरक पडतो? तुम्ही तुमचं बघा."

"बोला," अधिकारी म्हणाला.

'मी शिकवलं.' दोनच तर शब्द. खोटं कशाला सांगा, ते घशापर्यंत आले होते.

"तरुण रक्त," मास्तर म्हणाले. "सांगितलेलं ऐकलं नसेल."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं आणि कागद फिरवला. मास्तरांनी सही केली. सही नेहमीसारखीच सुबक उमटली, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. खाली गाड्या सुटत होत्या. त्यातल्या निम्म्या तरी त्याच उतारावरून जाणार होत्या, आणि चालवणारे सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले.

बाहेर व्हरांड्यात बाकावर त्यांची धाकटी बहीण बसली होती. माझ्या पोराची चूक होती का, एवढंच तिला ऐकायचं होतं. त्यासाठी ती सकाळपासून थांबली होती. आगारप्रमुख पुढे गेला, वाकून तिच्याशी हळू आवाजात बोलला आणि निघून गेला. मास्तर जवळ आले तशी ती उठली.

"त्याचीच चूक निघाली म्हणे."

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुन्हा पुसून लावला.

"नोकरी लागली तेव्हा मीच बजावलं होतं रे. मामा सांगेल तसंच चालव, स्वतःचं डोकं चालवू नकोस. हो आई, म्हणायचा. रोज म्हणायचा." तिचा आवाज चिरकला. "तोंडावर हो म्हणून कार्ट्याने दोन घरं उजाड केली. तुझं एवढं नाव, तेही घालवलं."

"तू गप्प बस बघू. बस इथे."

ती बसली नाही. तिने त्यांचे दोन्ही हात धरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले.

"दादा, मोठ्या मनाने त्याला माफ कर. तू माफ केलंस तर मलाही त्याच्यासाठी रडता येईल."

आत्ताच सांगायला हवं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, लहानपणी बघायची तशीच, दादाचं कधी चुकत नाही अशा खात्रीने.

"माफ केलं," ते म्हणाले.