आपोआप भरणारं कुंड

भय्यासाहेब घारपुरे दोनशे वर्षांपूर्वी वारले, ही बातमी त्यांना एका रविवारी सकाळी टीव्हीवरून कळली. तेव्हा त्यांच्या हातात पोह्यांची बशी होती.

जाऊ द्या. असं काही झालंच नाही. भय्यासाहेब ठणठणीत आहेत, पोहे गरम आहेत, आणि गोष्ट अजून सुरूही झालेली नाही.

सुरू होते ती अशी, की वैशाखातल्या एका पहाटे उगमेश्वर महादेवाच्या कुंडाच्या पायऱ्यांवर चामड्याचं जाकीट घातलेला एक माणूस उभा होता. उज्जैनच्या वैशाखात चामडं फक्त म्हैस घालते, आणि तीही नाइलाजानं. पण हा रुचिर होता, 'विज्ञान निरुत्तर' या हिंदी मालिकेचा सूत्रधार. या मालिकेत विज्ञान दर रविवारी निरुत्तर होतं. विज्ञानाला कुणी काही विचारतच नसल्यामुळे ते फार सोपं जातं.

देवास गेटच्या मागच्या गल्लीतल्या या कुंडाची ख्याती अशी, की रात्री ते कोरडं असतं आणि सूर्य वर येईतो आपोआप तिसऱ्या पायरीपर्यंत भरतं. भाविक येतात, आंघोळी करतात, हात जोडतात. संध्याकाळपर्यंत पाणी परत गायब. कुणी म्हणे पाताळगंगा. कुणी म्हणे उज्जैनवरून कर्कवृत्त जातं ना, त्याचं ते काम.

वस्तुस्थिती अशी, की कुंडाच्या मागे एक भिंत आहे. भिंतीमागे खोली, खोलीत विहीर, विहिरीवर पंप आणि पंपाजवळ भय्यासाहेब. संध्याकाळी पाणी जातं, कारण तळाला भेग आहे. ती बुजवण्याला मंजुरी मिळालेली आहे. मंजुरी कित्येक वर्षं तशीच, अगदी नव्यासारखी, जपून ठेवलेली आहे.

भय्यासाहेब पाणीखात्यात पंपचालक होते. ते निवृत्त झाले त्या दिवशी खात्यानं त्यांना शाल दिली, त्यांची जागा रद्द केली आणि कागदावर पंप बंद केला. खोलीची चावी मागायची मात्र राहिली. भय्यासाहेबांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या पहाटे उठले, सायकल काढली आणि पंप सुरू करून आले. तेव्हापासून रोज. खात्याला माहीत नाही, भाविकांना माहीत नाही. देवाला माहीत असावं, पण तो श्रेय घेऊन गप्प बसलेला.

"शेजारच्या जोशीणबाईंना वाटतं तुम्ही दूध आणायला जाता," त्यांची बायको मंगलाताई म्हणायच्या, "आणि रिकाम्या हातानं परत येता म्हणून त्या मला सहानुभूती दाखवून राहिल्यात."

त्यामुळे मालिकेची दिग्दर्शिका मृण्मयी पुजाऱ्याकडे चौकशी करत आली, आणि पुजाऱ्यानं, "रहस्य? वो तो पीछे बैठा है," म्हणून भिंतीकडे बोट दाखवलं, तेव्हा भय्यासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा घाम फुटला तो पंपामुळे नव्हे. कुणीतरी विचारायला आलं होतं. आता टीव्हीवर लोकांना कळणार होतं की कुंड कोण भरतं. त्यांना दुसरं काहीही नको होतं.

"काय करून राहिले तुम्ही लोक? डाक्यूमेंटरी?" त्यांनी विचारलं.

"काका, तुमचं मराठी किती क्यूट आहे!" मृण्मयी म्हणाली. ती मुंबईची होती.

"उज्जैनचं आहे. पण टिकाऊ आहे."

"तर तुम्ही इथे पाणी..."

"मी भरतो."

"ओके," मृण्मयी म्हणाली. एखाद्याच्या घरी गेल्यावर बेसनाच्या लाडवात दगड निघावा तसा तिचा चेहरा झाला. पण ती व्यावसायिक होती, तिनं तो गिळला. "मग आपण तुमचा छान मोठा इंटरव्ह्यू घेऊ. घरी काही जुनं आहे का? पारंपरिक?"

इथे भय्यासाहेबांनी चूक केली. ही चूक माळव्यातला मराठी माणूसच करू शकतो. दुसऱ्या कुणाच्या ट्रंकेत शिंदेशाही पगडी नसते.

घारपुऱ्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या आबदारखान्यात होते. म्हणजे सरकारचं प्यायचं पाणी सांभाळायचे. बाकीची घराणी लढाया हरली, त्यांनी जहागिऱ्या घालवल्या. घारपुऱ्यांनी फक्त माठ झाकून ठेवले, त्यामुळे त्यांच्या नावावर एकही पराभव नाही. त्या काळातली पगडी घरात होती. मुलगी ऋता हिच्या लग्नात भय्यासाहेबांनी ती घातली होती, आणि नंतर पुन्हा कुणाचं लग्न निघेल या आशेवर डांबराच्या गोळ्यांत ठेवली होती.

"आहे ना," ते म्हणाले. "घालून येऊ?"

"प्लीज! आणि धोतर?"

"ते पण आहे."

दुसऱ्या पहाटे भय्यासाहेब धोतर, अंगरखा आणि पगडी अशा थाटात सायकलवरून आले. देवास गेटच्या बसस्टँडवर इंदूरची बस सुटत होती, ती त्यांना पाहून दोन मिनिटं सुटली नाही. कुंडावर मालिकेवाल्यांनी धूर सोडला होता. "पहाटेचं धुकं," मृण्मयी म्हणाली. वैशाखात.

त्यांच्या हातात कंदील देऊन त्यांना पायऱ्यांवरून सावकाश उतरायला लावलं. भय्यासाहेबांना वाटलं, लाईट गेल्यावर कशी अडचण होते ते दाखवताहेत. मग सगळे पंपाच्या खोलीत आले. भय्यासाहेबांनी पंपात लोटीभर पाणी ओतलं आणि हिरवं बटण दाबलं. पंप खोकला, घरघरला आणि लागला. भय्यासाहेब बोलू लागले.

"मॅडम," आवाजाची मशीन सांभाळणारा म्हणाला, "पीछे से कुछ घरघर आ रही है."

"काका, हा आवाज कसला?"

"पंपाचा."

"बंद होईल?"

"होईल की."

"मग करा ना. तुमचा आवाज क्लीन मिळाला पाहिजे."

पाहुण्यानं सांगितलं म्हणून भय्यासाहेबांनी लाल बटण दाबलं. पंपाविषयी बोलायचं म्हणून पंप बंद करण्यात आला. यात काही गडबड आहे असं खोलीतल्या एकालाही वाटलं नाही, कारण सगळे शिकलेले होते.

भय्यासाहेब भरपूर बोलले. विहिरीतल्या नळाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह कसा अडकतो आणि म्हणून पंपापासून हलता कसं येत नाही, उन्हाळ्यात विहीर कशी खाली जाते, एकदा ताप अंगात असताना कसे आले होते, पूर्वज, आबदारखाना, सगळं. शेवटी मृण्मयीनं विचारलं, "एका वाक्यात सांगायचं तर?"

भय्यासाहेबांनी पगडी सारखी केली. "मैं नहीं आऊँगा, तो पानी नहीं आएगा."

"सुपर," मृण्मयी म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून रुचिरची किंकाळी आली. सगळे धावले. सूर्य वर आला होता आणि कुंड ठणठणीत कोरडं होतं. रुचिर कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून बसला होता. "सदियों में पहली बार! कैमरे के सामने... पानी ने आने से... इनकार कर दिया!"

"अरे, पंप बंद आहे म्हणून," भय्यासाहेब म्हणाले.

"काका, एक मिनिट हं, तो फ्लोमध्ये आहे."

"चालू करतो ना, लगेच येईल."

त्यांनी आत जाऊन चालू केला. पाणी आलं. रुचिरनं तेही घेतलं. "हमने नज़र हटाई, और देखिए!" पुजाऱ्यानं सवयीनं घंटा वाजवली. भाविकांनी काहीही विचारलं की तो घंटा वाजवायचा. त्यामुळे तो कधी खोटं बोलल्याचा पुरावा नव्हता.

प्रक्षेपणाच्या रविवारी उज्जैनच्याच फ्रीगंज भागातल्या घारपुऱ्यांच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पोहे, जिलबी, शेव. मराठी मंडळाचे सचिव दिलीपराव हार घेऊन आले होते, कार्यक्रमानंतर घालू म्हणून. जोशीणबाईंना मुद्दाम पुढे बसवलं होतं.

"आता बघा," मंगलाताई त्यांना म्हणाल्या, "दूध कुठून येतं ते."

कार्यक्रम सुरू झाला. रुचिरचं जाकीट आलं. कुठलासा एक तज्ज्ञ आला. त्याच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं, म्हणून तो तज्ज्ञ. "जल की अपनी स्मृति होती है," तो म्हणाला, आणि एवढंच म्हणून गेला. मग धूर आला, धुरातून कंदील आला आणि कंदिलामागून पगडी.

"आले, आले!" दिलीपराव ओरडले.

"दो सौ साल पहले," पडद्यावरचा घोगरा आवाज म्हणाला, "दरबार का एक जल-सेवक इसी कुंड में समा गया. कहते हैं, वह आज भी आता है. पीछे का यह कमरा बरसों से बंद है. कोई मानवी हाथ इस जल को नहीं छूता." मग भय्यासाहेबांचा चेहरा जवळून दिसला, निळसर केलेला. ओठ हलले, गुहेतून आल्यासारखा आवाज आला: "मैं नहीं आऊँगा... तो पानी नहीं आएगा... आएगा... आएगा..."

जाहिराती लागल्या.

शेव चावायचा आवाज थांबला. दिलीपरावांनी हातातला हार पाठीमागे नेला. त्याचा अर्थ आता बदलला होता.

"छान दिसलात पण," जोशीणबाई म्हणाल्या.

"फोटोग्राफी बढिया होती," कुणीतरी म्हणालं.

इंदूरहून ऋताचा फोन आला. "बाबा, सासरचे सगळे बघून राहिले होते. सासूबाई विचारताहेत, हे खरंच तुझेच वडील का."

"काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. तर त्या उठून देवापाशी दिवा लावून आल्या."

दुसऱ्या पहाटे भय्यासाहेब कुंडावर पोचले तर गल्लीत जत्रा होती. खोलीच्या दाराला हार, उदबत्त्या, एक नारळ. भय्यासाहेबांनी पायजमा-शर्ट घातला होता, तरी लोकांनी ओळखलं. मोबाईल वर झाले. एक बाई एकदम पाया पडली. एका तरुणानं हात जोडून विचारलं, "आप वही हैं?"

"हाँ, वही हूँ."

"बाबा, मृत्यु कब हुई?"

"बाजू हो भाई, पंप चालू करना है."

"देखा?" तो तरुण मागे वळून म्हणाला. "पानी की ही बात कर रहे हैं. आत्मा अटकी हुई है."

भय्यासाहेबांनी रोज येणाऱ्या प्रत्येकाला सांगून पाहिलं. पंप दाखवला. लोकांनी पंपाला हळद-कुंकू लावलं.

आठवडाभरानं खात्याला जाग आली. पंप कागदावर बंद, टीव्हीवरही खोली बंद, मग तिथली वीज चालू कशी? खात्याची माणसं आली, तार कापली आणि जाताना दर्शन घेऊन गेली. भय्यासाहेब कार्यालयात गेले. साहेब सज्जन होते, त्यांनी बसायला सांगितलं.

"देखिए घारपुरेजी, रिकॉर्ड बोलता है पंप बंद है. टीवी भी बोलता है बंद है. दोनों मिल रहे हैं. आप ही नहीं मिल रहे."

"पर पानी मैं भरता हूँ ना!"

"किस पद पर?"

साहेबांनी प्रेमानं चहा पाजला आणि आपल्या मुलीला दाखवायला म्हणून त्यांच्यासोबत फोटो काढला.

कुंड कोरडं पडलं. पुजारी एका संध्याकाळी घरी येऊन बसला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "भय्याजी, सूखे पे तो और भीड़ हो गई. कहते हैं, बाबा नाराज़ हैं. मैं क्या करूँ, बताओ."

"घंटी बजाओ," भय्यासाहेब म्हणाले.

तरी ते पहाटे जायचे. कुलूप काढायचे, पंपात लोटीभर पाणी ओतायचे, हिरवं बटण दाबायचे. काही होत नसे. पंपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे, मग त्याच्यावरचं कुंकू फडक्यानं पुसून घरी यायचे.

"आता कशाला जाता?" मंगलाताईंनी एकदा विचारलं.

"गंज चढतो."

"इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "मी पण एकदाही बघायला आले नाही. कधी सुचलंच नाही." आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

त्याच दिवशी दुपारी भय्यासाहेबांनी अर्ज लिहिला. अर्ज खात्याच्या रीतीप्रमाणे हिंदीत आहे. मराठीत तो असा:

"माननीय महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन की, उगमेश्वर कुंडाच्या पंपास कोणत्याही एका पहाटेपुरता वीजपुरवठा देण्यात यावा. अर्जदारास पद, मानधन वा प्रमाणपत्र यांपैकी काहीही नको. तसेच त्या पहाटे खात्याच्या एका कर्मचाऱ्यास, तो कोणत्याही दर्जाचा असला तरी चालेल, कुंडाच्या पायरीवर उभं राहण्याचे आदेश व्हावेत. पाणी वर चढून त्याच्या पायाला लागताच त्यानं भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात फक्त 'आलं' असं ओरडावं. अर्जदार सेवेत असल्यापासून आजतागायत सदर वेळी पंपाजवळ हजर असल्याकारणानं, आणि खोलीस त्या बाजूला खिडकी नसल्याकारणानं, कुंड भरताना अर्जदारानं कधीही पाहिलेलं नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."