साधं भिंग, उंची पाहुणा आणि जवसाचं तेल

मी एक जुना डोळा आहे, मित्रांनो. दचकू नका. सूक्ष्मदर्शकाच्या नळीखाली जे भिंग बसवतात ना, तेच मी. दहापट मोठं दाखवणारा. १९७१ साली अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या. तिथून मी लाखनीला आलो, ताराचंदच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. दिवसभर घड्याळं उघडायची आणि संध्याकाळी तलावाचं पाणी न्याहाळायचं, हा त्याचा छंद.

मी काही बिनचूक नाही. माझ्यातून कडा पुसट दिसतात, काळ्या रेघेला जांभळी किनार येते. पण गढूळ पाणी असो, वर झाकायला फोटोच्या फ्रेमची जाड काच असो, माझी कुरकुर नसते. किडा इकडून तिकडे पळाला तरी मी त्याला सोडत नाही. ताराचंदच्या बायकोने, शकुनबाईंनी, माझ्यातून तांदळातला सोंडकिडा पाहिला आणि त्याची सोंड आठवून त्या दोन दिवस हसत होत्या.

१९७९ च्या मार्गशीर्षात पाहुणा आला. ताराचंदचा मित्र घनश्याम नागपूरला कॉलेजात शिकवायचा. त्याने आपलं शंभरपटीचं जर्मन भिंग पंधरा दिवसांसाठी दिलं. नळीच्या टोकाला फिरती चकती असते, तिच्यावर ते माझ्या शेजारीच बसलं.

"जपजो बापा," तो म्हणाला. "असं भिंग मले दुसरं भेटणार नाही."

खरं सांगतो, पाहुण्यापुढे मी फिका पडलो. शेवाळाच्या कणावरच्या बारीक रेघा त्याने अशा स्वच्छ दाखवल्या की मोजून घ्याव्यात. पण नखरे किती! वरची काच कागदासारखी पातळ हवी, पाणी नितळ हवं, किडा निपचित पडलेला हवा, आणि काच व भिंग यांच्यामध्ये खास तेलाचा थेंब हवा. तरी ताराचंद त्याच्यावरच लट्टू. आठ दिवस मला त्याने हात लावला नाही. मी मत्सराने जळत होतो, हे कबूल करतो.

मग खास तेलाची कुपी संपली.

"थोडकं तेल दे वं," ताराचंद बायकोला म्हणाला.

"घरात जवसाचंच हाय. चालते का?"

"तेल म्हणजे तेल. न चालाले काय झालं?"

थेंब टाकला, दिसलंही छान. मग सूक्ष्मदर्शक तसाच खिडकीत ठेवून दोघं कोंढा गावी धान चुरायला, म्हणजे मळणीला, गेली. पाच दिवस आमच्यावर ऊन पडत होतं. जवसाचं तेल उन्हात रोगणासारखं घट्ट होतं, हे कोणत्याही सुताराने सांगितलं असतं. परतल्यावर पाहतो तर काच पाहुण्याला चिकटलेली. ताराचंदने ती हलकेच ओढून पाहिली, सुटेना.

"येत्या रविवारी घनश्याम येते. कोणत्या तोंडानं सांगू त्याले?"

"तुमी घड्याळाचं जुनं तेल कायनं काढता?" शकुनबाई म्हणाल्या. "थेच लावून पाहा ना."

काडीला कापूस गुंडाळून, पेट्रोलमध्ये जेमतेम ओला करून, ताराचंद तासभर पुसत राहिला. काच सुटली. घड्याळजीच्या भिंगातून सगळं साफ दिसलं, पण त्याचं मन मानेना. त्याने पाहुण्याला चकतीवरून काढून नळीखाली उताणं ठेवलं, नळी पार वर ओढली, खिडकीचा उजेड आडवा घेतला आणि मला फिरवून त्याच्यावर आणलं. कडेला पिवळी साय होती. ती मी दाखवली. पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्या खेपेला काच लख्ख झाली. इतक्या जवळून पाहताना माझा मत्सर कुठल्या कुठे गेला. फार देखणा होता तो.

रविवारी ताराचंदने काही न लपवता सगळं सांगितलं. घनश्यामने भिंग बराच वेळ तपासलं.

"साय कशातून दिसली तुले?"

ताराचंदने माझ्याकडे बोट केलं. घनश्याम हसला. "तूच ठेव अजून महिनाभर माहं भिंग."

"नाही गा. रेघा पाहाच्या असल्या तं तुह्याकडे येईन. मले किडे धावतानी आवडते, त्याले हेच बरं."

मित्रांनो, पुढे किती वर्षं गेली, पण त्या दिवशीइतका आनंद मला कधी झाला नाही. घनश्याम तर माझ्यातून तलावाचं पाणी पाहायला बसला आणि त्याची बस निघून गेली.

माझं मागणं एवढंच. भिंग उंची असो की साधं, काम झालं की त्याच दिवशी पुसा, झाकून ठेवा, आणि जवसाचं तेल भाजीत घाला.