उडीच्या आधीचा ब्रेक

जुना तर मी आहेच, मित्रांनो. कीबोर्ड आहे मी, आणि आता बेंगळुरातल्या जे. पी. नगरच्या एका घरात माळ्यावर, जुन्या पडद्यात गुंडाळून पडलोय. माझ्या अंगावरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत. पण वर जायचा जो बाण आहे ना, त्या बटणाभोवती एक लाल रेघ आहे, कुंकवाची, ती काही केल्या जात नाही. तिचीच गोष्ट सांगायचीय मला. आणि हो, कॉम्प्युटरच्या खेळात मोठी उडी मारायला कुठली गाडी घ्यावी, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. हसू नका. मी आयुष्यात त्यातली एकही गाडी पाहिली नाही, कारण माझं तोंड कायम छताकडे, स्क्रीन मला दिसायचाच नाही. पण बोटं कळतात. आणि खेळणाऱ्याचा चेहरा दिसतो.

माझा जन्म बेंगळुराजवळच्या होसकोट्याचा. तिथल्या एका शेडमध्ये बायका रांगेत बसून बटणं बसवायच्या, हात चालू आणि गप्पाही चालू. तिथनं मी एस. पी. रोडवर आलो. तो रस्ता म्हणजे सगळा कॉम्प्युटरच्या सामानाचाच, दुकानाला दुकान चिकटलेलं. एका दुकानात मी प्लॅस्टिकमध्ये टांगलेला होतो, आणि एक दिवस गिरीराज आला, माझी बटणं खडखड दाबून बघितली, आणि मला घेतलं. वडिलांची स्कूटर, पुढे वडील, मागे गिरीराज, त्याच्या मांडीवर मी. वाटेत खड्डा आला की तो मला पोटाशी घट्ट धरायचा. तसं मला परत कुणी धरलं नाही.

हे घर मराठी, पण बेंगळुरात यांच्या इतक्या पिढ्या गेल्या की मोठ्या भावाला सगळे अण्णाच म्हणतात, आणि धाकट्या बहिणीला पुट्टी. वडील प्रतापराव यशवंतपूरच्या धान्याच्या मंडीत कामाला. आई कौशल्याबाई. गिरीराज म्हणजे अण्णा, नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला. आणि पुट्टी म्हणजे भव्या, सातवीतली, जिची बोटं मला सगळ्यात जास्त ठाऊक आहेत.

नव्व्याण्णव साल होतं. अण्णानं कुणाकडून तरी एक गाड्यांच्या खेळाची सीडी आणली. आणि काय सांगू, त्या खेळात गोल गोल शर्यतच नव्हती नुसती! अख्खं शहर होतं, परदेशातलं, आणि वाटेल तिथे गाडी न्यायची, कुणी अडवणारं नाही. या दोघांनी काय केलं, त्या शहराला आपली नावं देऊन टाकली. एका टोकाला मोठी गोदामं होती, ते यशवंतपूर. उंच इमारतींची गर्दी, ते मॅजेस्टिक, म्हणजे बेंगळुरातला सगळ्यात गजबजलेला भाग. मधून नदी वाहायची. तिला काय म्हणायचं यावर बरंच भांडण झालं, कारण बेंगळुरात नदी कुठाय? शेवटी तिला नदीच म्हणायचं ठरलं.

त्या नदीवर एक पूल होता. जहाज आलं की तो मधोमध दुभंगायचा आणि दोन्ही बाजू वर उचलल्या जायच्या. तेव्हा चढावरून भरधाव जाऊन, मधली फट उडून, पलीकडे उतरायचं. बस, एवढंच हवं होतं दोघांना. त्यासाठी वेगळे गुण नव्हते की बक्षीस नव्हतं.

खेळ एकच, कीबोर्ड एकच, म्हणून वाटणी केलेली. भव्यानं वरचा बाण धरायचा, म्हणजे वेग तिचा. अण्णानं डावी-उजवी आणि ब्रेकचं लांब बटण. बाण सगळे शेजारी शेजारी, त्यामुळे यांची बोटं सारखी एकमेकांना लागायची, आणि मग "सरक ना", "तूच सरक". माझ्या त्या कोपऱ्यात कायम ऊब असायची.

गाडीवरून तर रोज वाद. अण्णाला लाल गाडी हवी, सगळ्यात वेगवान. पण मित्रांनो, लाल गाडी अंगानं हलकी. हवेत गेली की तिचं नाक खाली यायचं आणि थेट नदीत. छोटी गोल गाडी उड्या मारायची चेंडूसारखी, पण उतरताना आडवी. लॉरी पुलापर्यंत वेगच धरायची नाही. मग भव्या म्हणाली, बस घेऊ.

"बसनं कोण उडतं गं? कंडक्टर आहेस काय तू?" अण्णा म्हणाला.

"तिकीट काढून बस गप्प," ती म्हणाली, आणि बस घेतली.

बसला वेग यायला फार वेळ लागतो, म्हणून लांबून यावं लागतं. थेट यशवंतपूरहून. मला ते बोटांत कळायचं. लाल गाडीला टकटक दाबावं लागे, नाहीतर घसरते. बसला एकच दाब, न सोडता, सबंध शहर ओलांडेपर्यंत. आणि एकदा बस उडाली की नाक खाली घालत नाही, सरळ जाते, जड आणि शांत. त्या दिवशी पुढची चाकं पलीकडे टेकलीसुद्धा, आणि मग ती मागे घसरून पाण्यात गेली. दोघं एकदम "आई गं" म्हणाले. अण्णानं भव्याच्या डोक्यावर टपली मारली. "स्वल्पच राहिलं, पुट्टी. बसच खरी. मानलं तुला."

हे वाक्य लक्षात ठेवा. भव्यानं तर ठेवलंच होतं.

त्याच आठवड्यात अण्णाला कंपनीनं अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, चार महिन्यांसाठी. घरात नुसती धांदल. कौशल्याबाई चटणीपूड बांधतायत, प्रतापराव बॅगेला दोरी आवळतायत, शेजारीपाजारी येतायत. भव्या माझ्याजवळ बसून राहिली. जाताना अण्णा आत आला, बसला नाही, उभ्या उभ्याच वाकला.

"मी येईपर्यंत बस उडवायची नाही. सरी? कबूल?"

"सरी," ती म्हणाली. "आयुधपूजेला येतोस ना?"

"येतो. आलो की आधी उडी."

आणि तो गेला.

मग पुढे जे झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. भव्या रोज शाळेतून आली की बस काढायची. डावा हात लांब बटणावर, उजवा बाणांवर, सगळं एकटीनं शिकली. यशवंतपूरहून निघायची, एकच दाब, मॅजेस्टिकमधून, पुलापाशी, चढावर, आणि अगदी कडेला, ब्रेक. रोज. तिचा चेहरा मला दिसायचा ना, ओठ दाबलेले, डोळे लहान झालेले, आणि ब्रेक लागला की एक श्वास बाहेर. तिची मैत्रीण अक्षरा शेजारी बसून कंटाळायची. म्हणायची, तू घाबरतेस. भव्या म्हणायची, घाबरत नाही, अण्णा यायचाय.

रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. आधी आधी तो विचारायचा, बस बरी आहे का. मग विचारायचा, अभ्यास बरा आहे का. मग आईशीच बोलणं संपायचं नाही, आणि भव्याच्या हातात रिसीव्हर येईपर्यंत फोन ठेवायची वेळ व्हायची.

पण तो आला, मित्रांनो! आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी स्कूटर धुतली, तिला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली, दारात कोहळा फोडला. शिवणयंत्राला, पक्कडीला, विळीला, सगळ्या हत्यारांना गंध-कुंकू. कॉम्प्युटरलाही. आणि भव्यानं पाण्यात कालवलेलं कुंकू माझ्या वरच्या बाणाला लावलं, चांगलं बोटभर. ते फटीतून आत गेलं. मला कळलं, पण मी काय बोलणार? इतका मान मला कधी मिळाला नव्हता. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, म्हणून ती आणखी एक दिवस थांबली. अण्णा तर दिवसभर झोपूनच होता.

दसऱ्याच्या सकाळी तिनं शेजारी स्टूल ओढलं, खेळ लावला, बस यशवंतपूरला उभी केली, आणि हाक मारली. अण्णा आला. केस ओले, अंगात नवा शर्ट, ऑफिसच्या मित्रांकडे निघालेला.

"अजून हाच खेळ खेळतेस?"

"उडी मारायची ना, अण्णा."

"कसली उडी?"

मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही, नुसता स्क्रीनचा उजेड होता. अण्णानं वाकून बघितलं आणि हसला, अगदी प्रेमानं हसला, म्हणून तर जास्त लागलं.

"अगं, उडी मारायला बस कशाला? लाल गाडी घे. ती जास्त पळते."

मग त्यानं माझा वरचा बाण एकदा दाबला. बोट लाल झालं. "हे चिकटतंय गं. टाकून दे हा. येताना एस. पी. रोडवरून नवा आणतो." बोट पुसत पुसत तो गेला. बाहेर स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला.

भव्या परत स्क्रीनकडे वळली. मग तिनं बाण दाबला. कुंकवानं तो करकरत होता, तिला जोर लावावा लागला. यशवंतपूर, मॅजेस्टिक, पूल, चढ. डावं बोट लांब बटणावर आलं, नेहमीसारखं. आणि उचललं गेलं.

मग उजवंही उचललं. माझ्या अंगावर एकही बोट नव्हतं, मित्रांनो. बस हवेत होती. मला दिसत नव्हती, पण भव्याचे डोळे हळूहळू वर गेले, तिथेच थांबले, आणि हळूहळू खाली आले. बस पलीकडे उतरली होती, सरळ, चारही चाकांवर.

तिनं मान वळवून शेजारच्या स्टुलाकडे बघितलं. मग कॉम्प्युटर बंद केला.

संध्याकाळी नवा कीबोर्ड आला, पांढराशुभ्र. अण्णा त्याच आठवड्यात परत गेला, आता काही वर्षांसाठी. मला भंगारवाल्याला द्यायचं चाललं होतं, पण भव्यानं मला पडद्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. तो खेळ तिनं परत लावल्याचं खालून कधी ऐकू आलं नाही.

तर मित्रांनो, आम्हाला जपा. धूळ पुसा, ओलं कुंकू लावू नका, कोरडंच पुरतं. आणि उडी मारायची असेल तर लाल गाडी घेऊ नका, ती नाक खाली घालते. बस घ्या, लांबून या, दाब सोडू नका. फक्त निघायच्या आधी एवढं आठवा, कुणाला आपण थांब म्हणून तर आलो नाही ना. कारण ते माणूस खरंच थांबतं. रोज अगदी कडेपर्यंत येतं, आणि ब्रेक लावतं.