तेल प्यालेलं वावर

होळीनंतर मढ गावच्या पुढच्या वळणावर एक टँकर उलटला. ड्रायव्हर वाचला, पण टाकी फुटली आणि कारखान्याच्या भट्टीसाठी निघालेलं काळं, जाड तेल रस्त्याखालच्या गोजरबाईंच्या वावरात उतरलं. नवरा गेल्यापासून गोजरबाई पुतण्या भरतच्या मदतीनं तिथं नाचणी करायच्या. बांधावर उभं राहिलं तरी डोळे झोंबायचे.

टँकरमालकाचा माणूस दुसऱ्याच दिवशी आला. "जेसीबी आणतो, हातभर माती उचलून नेतो, वर नवी टाकून देतो," म्हणाला. भरतला ते पटलं. गोजरबाई मात्र "इचारून सांगते" म्हणाल्या आणि एसटीनं ओतूरला गेल्या.

ओतूरच्या पेठेत दलीचंद शेठचं बी-बियाण्याचं दुकान. गोजरबाईंच्या सासऱ्यापासूनचा त्यांचा राबता. शेठची मुलगी रिद्धी नुकतीच परदेशातून परतली होती. पार उत्तरेकडे, जिथं जमीन खाली कायम गोठलेली असते आणि झाड म्हणून उगवत नाही, अशा माळावर ती कच्चं तेल सांडलेल्या मातीतल्या बुरशीचा अभ्यास करत होती. घरात मात्र सुंदरबाई, म्हणजे तिची आजी, अळंबीचं नावही काढू द्यायच्या नाहीत. "जैनाची पोर आणि बुरशीवर शिकली," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, ते कुणालाच कळायचं नाही.

गोजरबाईंनी सगळं सांगितल्यावर रिद्धी लगेच त्यांच्याबरोबर मढला आली. वावरात बसून तिनं माती चिमटीत धरली, चोळली, वास घेतला.

"मावशी, माती म्हणजे नुसती धूळ नव्हे. तिच्यात बारीक धाग्यांसारखी बुरशी असते. त्यातली एक जात मुळांना धरून राहते आणि त्यांना खायला-प्यायला आणून देते. तेलानं ती आधी मरते. दुसरी एक जात असते, ती तेल खाते. तेल सांडल्यावर तीच वाढते."

"मग खाऊ दे की तिला."

"खाते, पण हळूहळू. आम्ही काम करायचो तिथं उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा. माती जरा जागी होते न होते तोच पुन्हा गोठते. कितीतरी वर्षांपूर्वी सांडलेल्या तेलाचा वास तिथं अजून येतो. आणि जिथं यंत्रानं माती खरवडून नेली, तिथं आजही काही उगवत नाही. इथं ऊब आहे. इथं लवकर होईल असं वाटतं."

"वाटतं, का हाये?"

रिद्धीनं चिमटीतली माती खाली सोडली. मग म्हणाली, "वाटतं. खात्री नाही देऊ शकत."

गोजरबाईंनी वावरावरून एकदा नजर फिरवली. "माझ्या सासूनं टोपल्यानं माती आणून ह्यो तुकडा केला. जेसीबी नगं."

तेलाची डबकी साचली होती तेवढा चिखल टँकरमालकाच्या माणसांनी भरून नेला. बाकीचं वावर भरतनं नांगरलं, रिद्धीच्या सांगण्यावरून शेणखत आणि भाताचा पेंढा मिसळला. गोजरबाई कळशीनं पाणी आणून माती ओली ठेवायच्या. आषाढात त्यांनी हौसेनं नाचणीची रोपं लावली. ती आठवड्यातच पिवळी पडली आणि मान टाकून बसली.

गावात बोलणं सुरू झालं. भरत तडक दुकानात आला. "शेठ, तुमच्या पोरीच्या नादानं आमचं वावर गेलं. नवी माती पडली असती तर आज नाचणी उभी व्हती!"

भरत गेल्यावर दलीचंद शेठ मुलीला एवढंच म्हणाले, "खात्री नव्हती तर कशाला सांगायचं, बेटा?"

रिद्धीला ते लागलं. उत्तरेत तिनं सगळे उन्हाळे नुसतं मोजण्यात घालवले होते. कुठली बुरशी मेली, कुठली वाढली, सगळं टिपलं, पण तिच्या हातून एक वाफाही हिरवा झाला नव्हता. पहिल्यांदाच कुणीतरी तिचं ऐकलं, तर हे असं झालं. तिनं मढला जाणं सोडलं.

एका बाजारच्या दिवशी गोजरबाईच दुकानाच्या पायरीशी आल्या.

"यायचं का बंद केलंस गं?"

"मावशी, माझं चुकलं."

"आगं, तू खात्री न्हाई म्हणलीस ते मी ऐकलं व्हतं की. बहिरी न्हाई मी. ठरवलं ते माझं मी ठरवलं. तू फकस्त येऊन बघ. पेंढ्याला कायतरी धरलंय, मला उमजंना."

सुंदरबाई आतून ऐकत होत्या. "जा गं," त्या म्हणाल्या. "त्या मातीत जीव आहेत म्हणतेस ना? मग त्यांना असं वाऱ्यावर सोडू नये."

रिद्धी गेली. गोजरबाईंनी कुदळीनं माती उकरली. कुजत आलेल्या पेंढ्यावर पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलं होतं, आणि तेवढ्या मातीचा वास बदलला होता. तेल अजून होतंच, पण त्याच्या आडून मातीचा वास येत होता. रिद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदराला पुसलं. पदर गोजरबाईंचा होता, आणि त्यांनी तो ओढून घेतला नाही.

पुढच्या साली लावणीच्या वेळी रिद्धीनं शेजारच्या चांगल्या वावरातली पाटीभर माती आणून रोपांच्या बुडाशी मूठ-मूठ घातली, मुळांना धरणारी बुरशी परत यावी म्हणून. वरच्या निम्म्या वावरात नाचणी आली. ठेंगणी होती, पण कणसं भरली. तेल साचलं होतं त्या खालच्या पट्ट्यात काहीच आलं नाही. ऊन तापलं की तिथून अजून उग्र वास यायचा. भरत शेणखताची पाटी रिकामी करताना म्हणाला, "ताई, त्या दिवशी दुकानात लई बोललो."

"बोलायलाच हवं होतं तुम्ही. निम्मं वावर अजून तसंच आहे."

धान्य तपासून येईपर्यंत कुणी तोंडात घालायचं नाही, असं रिद्धीनं बजावलं होतं. गोजरबाईंनी ते वेगळ्या कणगीत ठेवून वर दगड ठेवला. नमुना पाठवला होता त्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून धान्य स्वच्छ असल्याचा निरोप आला, तेव्हा त्या पीठ घेऊन ओतूरला आल्या. सुंदरबाई भाकऱ्या थापत होत्या, रिद्धी तव्याशी बसली होती. पहिल्या भाकरीचा तुकडा शेठनी नाकाशी नेला, मग गोजरबाईंनी, मग सुंदरबाईंनी.

"येतोय का तेलाचा वास?" रिद्धीनं विचारलं.

"तव्याचा येतोय," सुंदरबाई म्हणाल्या. "दुसरी करपतीय. आधी ती उलथ."